बंदूकविरोधी, बंदीवाले की आणखी कोणी?

प्रश्न : आम्ही गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. आमच्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकाचे संपादन माझ्याकडे आहे. मे २०२३ मध्ये जवळच्याच ॲलन येथील मॉलमध्ये गोळीबार झाला आणि त्यात एका भारतीय तरुणीसह आठ जणांचा बळी गेला. तेव्हापासून आमच्याकडे हा विषय थांबलेला नाही. आता एका तरुण सभासदाने अमेरिकेतील बंदूक कायद्यांवर अभ्यासपूर्ण लेख लिहून दिला आहे. कायदे कडक व्हावेत असे म्हणणाऱ्यांना त्याने सर्वत्र ‘बंदूकविरोधी’ म्हटले आहे. कच्चा मजकूर वाचून मंडळातील एका ज्येष्ठ काकांचा फोन आला : “माझ्या घरी दोन पिस्तुले आहेत, दर शनिवारी मी नेमबाजीला जातो, आणि तरीही खासगी विक्रीतसुद्धा खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जावी असे मला वाटते. मग मी बंदूकविरोधी कसा?” दुसरे एक गृहस्थ म्हणाले की सरळ ‘बंदूकबंदीवाले’ लिहा, मनात एक आणि छापायचे दुसरे असे कशाला? माझी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते की ‘बंदूक सुरक्षा समर्थक’ हाच शब्द योग्य, कारण तिच्या ओळखीतले सगळे ‘गन सेफ्टी’ म्हणतात. अंक छापायला जाण्यास तीन आठवडे आहेत. कोणता शब्द ठेवू?
— एक संपादिका, टेक्सास

उत्तर : सप्रेम नमस्कार. काकांच्या प्रश्नात अर्धे उत्तर आहेच, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. मराठीत ‘विरोधी’ हे पद ज्या शब्दाला जोडले जाते, त्या शब्दाने दाखवलेली गोष्ट मुळात नकोच, असा अर्थ वाचकाच्या मनात उमटतो. हुंडाविरोधी माणसाला हुंडा नको असतो. “थोडा घ्या, पण नोंद करून घ्या” असे कोणताही हुंडाविरोधी कार्यकर्ता म्हणत नाही. काका मात्र बंदुकीबाबत जवळजवळ हेच म्हणत आहेत : घ्या, पण तपासणी होऊन घ्या. त्यांना ‘बंदूकविरोधी’ म्हणणे कठोर आहे की सौम्य, हा मुद्दा नाही. ते चुकीचे आहे, आणि चुकीचा शब्द काढून टाकताना संपादकाला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

काका अपवादही नाहीत. साधारणपणे अमेरिकेतील एक-तृतीयांश प्रौढ स्वतःकडे बंदूक असल्याचे सर्वेक्षणांत सांगतात, आणि खासगी विक्रीतही तपासणी व्हावी या मागणीला त्यांच्यातील बहुसंख्यांचा पाठिंबा वारंवार दिसून आला आहे. गॅबी गिफर्ड्स यांचे उदाहरण तुमच्या लेखकाला जरूर सांगा. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे मतदारांना भेटत असताना अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, या सदस्य महिलेच्या डोक्यात गोळी झाडली गेली. त्या वाचल्या, पण इतर सहा जण मरण पावले. पुढे त्यांनी आणि त्यांचे पती, अंतराळवीर मार्क केली यांनी कायदे कडक व्हावेत म्हणून संघटना काढली. त्या वेळी दोघांनीही आपण स्वतः बंदूकधारक आहोत हे लपवले नाही, उलट आवर्जून सांगितले. ज्या शब्दाच्या व्याख्येत या चळवळीच्या अग्रभागी असलेली व्यक्तीच बसत नाही, तो शब्द चळवळीतील सर्वांसाठी वापरण्यात काय अर्थ आहे?

आता ‘बंदूकबंदीवाले’. हा शब्द आपल्या तोंडात सहज बसतो, याचे कारण अमेरिकेत नसून मराठीत आहे. दारूबंदी, नोटबंदी, प्लास्टिकबंदी अशा शब्दांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की कोणत्याही निर्बंधाला ‘बंदी’ चिकटवण्याचा मोह होतो. (महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी झाली आणि तरीही पुष्कळसे प्लास्टिक कायद्यानेच शिल्लक राहिले, हे खरे आहे, पण वाचकाला तो शब्द ऐकून काय वाटले होते ते आठवून पाहा.) शिवाय ‘वाले’ हा प्रत्यय भाजीवाल्याच्या बाबतीत निरुपद्रवी असला, तरी मताला लावला की त्यात किंचित तुच्छता येतेच. इंग्रजीत या मंडळींना हिणवण्यासाठी ‘गन ग्रॅबर’, म्हणजे बंदुका हिसकावून घेणारे, असे म्हटले जाते. ‘बंदूकबंदीवाले’ हा त्याचाच थोडा सभ्य मराठी भाऊ आहे.

असे असले, तरी त्या गृहस्थांचे म्हणणे केवळ आकसाचे आहे असे समजू नका, कारण त्यामागे इतिहास आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत या विषयावर दोन संघटना निघाल्या. एकीच्या नावात हातबंदुकांवर (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांवर) ‘कंट्रोल’ आणण्याची भाषा होती, तर दुसरीचे नाव ‘नॅशनल कोएलिशन टू बॅन हँडगन्स’ असे होते, म्हणजे बंदी हा शब्द तिने स्वतःच्या पाटीवरच लिहिला होता. १९७६ पासून राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि १९८२ पासून शिकागोमध्ये हातबंदुकांवर खरोखर बंदीसारखेच निर्बंध होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगून वॉशिंग्टनची बंदी रद्द केली, आणि २०१० मध्ये तेच तत्त्व राज्यांना व शहरांनाही लागू केले. तेव्हा बंदी मागणारी माणसे होती, आणि आजही काही विशिष्ट रायफलींपुरती बंदी मागणारी माणसे पुष्कळ आहेत. १९९४ ते २००४ या काळात तशी केंद्रीय बंदी अमलातही होती. अशांचा उल्लेख आला की ‘अमुक रायफलींवर बंदी मागणारे’ असे स्पष्ट लिहावे. त्यांची मागणी सौम्य शब्दात गुंडाळणे हाही एक पक्षपातच होईल. फक्त त्यांचे नाव काकांना देऊ नये.

‘बंदी’विषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती आपल्या इतिहासातली असल्यामुळे थोडा वेळ घेतो. परदेशातील मराठी मंडळांच्या चर्चांत “आपण गांधींच्या देशातले, म्हणजे बंदूकविरोधीच” असे एक वाक्य हमखास ऐकू येते. इतिहास इतका सरळ नाही. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना त्यातून वगळले. काँग्रेसने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले, आणि १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना खुद्द गांधींनी या कायद्याला इंग्रजी राजवटीच्या मोठ्या दुष्कृत्यांत गणले. (त्यांचे ते वाक्य अमेरिकेतील बंदूक-हक्काचे पुरस्कर्ते आजही हौसेने उद्धृत करतात, बहुतेक वेळा सैन्यभरतीचा संदर्भ गाळून.) काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती १९४८ मध्ये मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मान्य झाली नाही. म्हणून आज आपल्याकडे शस्त्र हा हक्क नसून परवान्याचा विषय आहे, आणि सिंधुदुर्गातला शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक ठेवतो ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. आता आंबेडकरांना ‘बंदूकविरोधी’ म्हणता येईल का? त्या शेतकऱ्याला परवाना देणारा कायदा ‘बंदूकबंदी’चा कायदा आहे का? मराठीत आपण असे कधीच म्हणत नाही. घरच्या गोष्टीविषयी बोलताना आपल्याला परवाना, नियम, अट हे शब्द बरोबर सुचतात. अमेरिकेविषयी लिहितानाच ‘विरोधी’ आणि ‘बंदी’ सुचू लागतात, हे मला विचार करण्यासारखे वाटते.

तुमच्या मुलीच्या सूचनेकडे वळतो. तिचे निरीक्षण अचूक आहे : गेल्या दहा-पंधरा वर्षांत चळवळीने ‘कंट्रोल’ सोडून ‘सेफ्टी’ हा शब्द जाणीवपूर्वक धरला. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधील सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेल्यानंतर मातांची जी संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या नावात ‘गन कंट्रोल’ होते, पण लवकरच ते जाऊन ‘गन सेन्स’ आले. २०१४ मध्ये तिला सामावून घेणारी मोठी संघटना ‘एव्हरीटाउन फॉर गन सेफ्टी’ या नावाने पुढे आली. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात जायबंदी झालेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सेरा ज्या संघटनेशी जोडले गेले, ती आधी ‘हँडगन कंट्रोल’ होती आणि २००१ मध्ये ‘ब्रेडी’ झाली. ज्यांच्या नावात १९७४ मध्ये ‘बॅन’ होते, त्यांनीही पुढे ‘हिंसाचार थांबवण्या’चे नाव घेतले. नियंत्रण म्हटले की सरकारचा हात डोळ्यांपुढे येतो आणि मतदार बिचकतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. आपल्याला यात नवल वाटू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढले तेव्हा शब्द होता ‘संततिनियमन’, स्वातंत्र्यानंतर सरकारने त्याचे ‘कुटुंबनियोजन’ केले, आणि आणीबाणीतील सक्तीने तो शब्द बदनाम झाल्यावर ‘कुटुंबकल्याण’ आले. काम बरेचसे तेच राहिले, पाट्या बदलत गेल्या.

पण ‘सेफ्टी’ मराठीत आणताना एक अडचण येते, ती राजकारणाची नसून समासाची आहे. महिला सुरक्षा म्हणजे महिलांची सुरक्षा, धरण सुरक्षा म्हणजे धरणाची सुरक्षा. मग ‘बंदूक सुरक्षा’ म्हणजे काय? नागपूरहून वर्षातून एकदा तुमचा अंक वाचणाऱ्या आजोबांना वाटेल की बंदुका चोरीला जाऊ नयेत म्हणून काही मोहीम चालली आहे. ज्यांना अर्थ कळेल, त्यांच्यापुढेही दुसरा घोळ उभा राहील, कारण ‘गन सेफ्टी’चा जुना अर्थ बंदूक हाताळताना घ्यायची काळजी असा आहे, आणि ते शिक्षण नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची संघटना अनेक दशके देत आली आहे, लहान मुलांसाठीचा तिचा ‘एडी ईगल’ कार्यक्रम १९८८ पासूनचा आहे. म्हणजे काका आणि त्यांच्या अगदी विरुद्ध मताचे ते गृहस्थ, दोघेही शनिवारच्या अर्थाने ‘बंदूक सुरक्षा समर्थक’ ठरतील. मुलीला सांगा की संघटनेचे नाव असेल तेथे ‘सेफ्टी’ जसेच्या तसे देवनागरीत येईल, कोणाच्या तोंडचे वाक्य असेल तेथेही येईल; फक्त लेखकाने स्वतःच्या आवाजात तो वापरू नये.

‘बंदूक हिंसाचार प्रतिबंधाचे समर्थक’ हा पर्यायही कोणी सुचवील. तो मी दोन कारणांनी टाळीन. हिंसाचाराला प्रतिबंध नको असे म्हणणारा माणूस सापडत नाही, त्यामुळे हे नाव एका बाजूला दिले की दुसरी बाजू न बोलताच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कायदे कडक करण्याच्या मागणीमागे हे एक मोठे कारण आहे, पण मराठीत ‘हिंसाचार’ या शब्दाने आत्महत्या कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. शब्द उदात्त दिसतो आणि विषयाचा मोठा भाग झाकतो.

राहता राहिला ‘नियंत्रण’. ‘शस्त्रनियंत्रण’ लिहू नका. त्या शब्दाने आपल्याकडे अण्वस्त्रांचे करार आठवतात. ‘बंदूक नियंत्रण’ मात्र मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला परिचित आहे आणि शीर्षकासारख्या अपुऱ्या जागेत चालेल. मला स्वतःला ‘नियमन’ अधिक आवडते. नियंत्रण आपण सहसा उपद्रवी गोष्टींचे करतो, प्रदूषणाचे, किडीचे, रागाचे. नियमन वाहतुकीचे करतो, जी चालू राहावी पण नीट चालावी असे वाटते. अमेरिकेच्या घटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीतही, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या कलमातही, ‘सुनियमित’ या अर्थाचा शब्द आहे, पण त्याचा आधार घेण्याचा मोह लेखकाला झाला तर त्याला आवरा, कारण तेथे ते विशेषण बंदुकांचे नसून मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांच्या सेनादलाचे आहे, आणि तुमचे ते दुसरे गृहस्थ ही चूक पहिल्याच परिच्छेदात पकडतील. ‘नियमन’ची खरी अडचण अशी की तो शब्द या विषयात रुळलेला नाही, चार वेळा वाचूनही वाचकाला तो सरकारी परिपत्रकातला वाटेल. ‘नियंत्रणवादी’ असा शब्द तर घडवूच नका. काकांचे मत एका तपासणीपुरते आहे, तो काही वाद नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा : लेखाच्या अंगात ‘बंदूक कायदे कडक करण्याचे समर्थक’ असे लिहा, आणि दुसऱ्यांदा उल्लेख येईल तेथे ‘कडक कायद्यांचे समर्थक’ एवढे पुरेल. शब्द जरा लांब आहे, हे मान्य. पण गॅलप ही संस्था आपल्या सर्वेक्षणात लोकांना विचारते तेही हेच, की बंदूकविक्रीचे कायदे अधिक कडक असावेत, सैल असावेत की आहेत तसेच राहावेत. म्हणजे त्या गटातील माणसाने स्वतः दिलेल्या उत्तराचेच हे नाव आहे. ‘कठोर’ नको, त्यात निर्दयतेची छटा आहे. आणि जेथे शक्य असेल तेथे गटाला नाव देण्याऐवजी मागणीच लिहा. उदाहरणार्थ, “बंदूकविरोधी मंडळी खासगी विक्रीला आक्षेप घेतात” या वाक्याऐवजी “केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याला खरेदीदाराची तपासणी करावीच लागते, पण दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला ती अट नाही, ही अट तेथेही लागू करावी अशी मागणी आहे” असे लिहिले, तर वाक्य वाढेल, पण काकांचा फोन येणार नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना हातबंदूक परवान्याशिवाय जवळ बाळगता येते. त्या बदलाला ज्यांचा विरोध होता त्यांच्याविषयी ‘परवान्याची अट राहावी असे म्हणणारे’ हे सर्वांत नेमके नाव आहे. त्यांत काही पोलीस अधिकारीही होते, ज्यांना बंदूकविरोधी म्हणण्याचे धाडस तुमचा लेखकही करणार नाही.

रस्त्यावर उतरून काम करणाऱ्यांना ‘कार्यकर्ते’ म्हणा आणि केवळ मत असणाऱ्यांना ‘समर्थक’. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेतील गोळीबारानंतर मार्च २०१८ मध्ये मोर्चे काढणारे विद्यार्थी आणि सर्वेक्षणात एका चौकटीवर खूण करणारी गृहिणी यांना एकाच शब्दात कोंबणे हे आळसाचे लक्षण आहे.

तुम्ही विचारले नाही, पण लेख संपादित करताना दुसऱ्या बाजूची नावेही तपासा. मला शंका आहे की जेथे ‘बंदूकविरोधी’ आहे तेथे कोठेतरी ‘बंदूकवेडे’ किंवा ‘बंदूक लॉबी’ही असेल. तेथे ‘शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे पुरस्कर्ते’ लिहा. ‘बंदुकांचे हक्क’ लिहू नका, कारण बालहक्क जसे बालकांचे, तसे हे हक्क बंदुकांचे होतील. लॉबी म्हणायचेच असेल, तर ज्या संस्थेने प्रत्यक्ष पैसा आणि वजन वापरले तिचे नाव लिहा. १८७१ मध्ये नेमबाजी सुधारण्यासाठी निघालेली आणि १९७७ नंतर राजकारणात पूर्णपणे उतरलेली नॅशनल रायफल असोसिएशन लॉबी आहे, पण शनिवारी काकांच्या शेजारच्या खणात उभे राहून नेम धरणारा माणूस लॉबी नाही.

एक तांत्रिक बाब. मराठीत ‘बंदूक’ म्हटले की लांब नळीची बंदूक डोळ्यांपुढे येते, पण अमेरिकेतील बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश वेळा वापरली जाते ती हातबंदूक, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. सर्व प्रकार अभिप्रेत असतील तेथे पहिल्या उल्लेखात “पिस्तूल, रायफल इत्यादी सर्व प्रकारच्या बंदुका” असे एकदा सांगून पुढे ‘बंदूक’ चालू ठेवा. पोलिसांच्या पत्रकातला ‘अग्निशस्त्र’ अचूक आहे, पण तो वाचला की नाकात पोलीस ठाण्याचा वास येतो.

हे सर्व बदल लेखकाला दाखवल्याशिवाय करू नका. तो तरुण आहे, त्याने मेहनत घेतली आहे, आणि ‘बंदूकविरोधी’ त्याने बहुधा अभिमानाने लिहिले असावे, कारण तो स्वतः तसा असेल. तसे असल्यास लेखाच्या आरंभी “मी स्वतः बंदूकविरोधी आहे” असे त्याने प्रथमपुरुषी वाक्यात जरूर म्हणावे. तेथे तो शब्द पूर्णपणे योग्य आहे. मुखपृष्ठासाठी ‘बंदूक कायदा : दोन बाजू’ असे शीर्षक कोणी सुचवले, तर नाही म्हणा, कारण तुमच्या एका पत्रातच मला चार बाजू दिसल्या. ‘टेक्सासचे बंदूक कायदे आणि आपण’ हे शीर्षक पुरेसे आहे.